चिकाच्या पडद्याआडून ऐकलेलं भाषण

आमच्या ह्यांना लोक पुढे फार धीट म्हणायचे. माझ्यादेखत एका सभेत कुणीतरी त्यांना वाघ म्हणालं, तेव्हा मला पदरात हसू लपवावं लागलं. वीज कडाडली की हे माजघरात येऊन आमच्यामध्ये बसत. गल्लीतलं कुत्रं भुंकलं की धोतराचा सोगा हातात धरून दुसऱ्या बोळानं घरी येत. कोर्टात मोठ्या खटल्याची तारीख असली की आदल्या दिवसापासून पोट बिघडायचं, मग मी मऊ भात आणि ताक याशिवाय काही देत नसे. हैद्राबादच्या असेंब्लीत उभं राहून बोलले ते हेच. त्या दिवसांत मला जितकी भीती वाटली तितकी त्याआधी कधी वाटली नव्हती.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहत होतो. खाली ह्यांची वकिलीची खोली, वर मी, सासूबाई आणि आमची मुलगी. शेती अंबड तालुक्यात, अंतरवालीच्या बाजूला. ती माझे धाकटे दीर बघत. खालच्या खोलीत ह्यांच्यासोबत मुन्शीजी बसत. ते वयस्कर मुसलमान गृहस्थ सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे होते. कोर्टाचं सगळं काम उर्दूत चाले. ह्यांना उर्दू येत होती, पण अर्जाला वळण यायचं ते मुन्शीजींच्या हातून.

संस्थानात नवी असेंब्ली निघाली तेव्हा शेतकऱ्यांच्या वतीनं एक जागा ह्यांच्या वाट्याला आली. चळवळीतल्या माणसांनी त्या असेंब्लीवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे उभं राहायला फारसं कुणी तयार नव्हतं. तालुक्यातल्या खातेदारांनी ह्यांचं नाव पुढं केलं आणि हे नाही म्हणू शकले नाहीत. आठ दिवसांत आमच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं आणि भिंतीवर लिहिलं, ‘निजामाचा गुलाम’. मी घासून घासून ते काढलं, पण सावट राहिलंच.

हे म्हणाले, “विहिरीचं, शाळेचं कुणी तरी तिथं बोललंच पाहिजे ना.”

पहिल्या बैठकांमध्ये हे तसंच बोलले. अंबडकडच्या पाण्याचं, भोकरदनला मुलींना मराठीतून शिकवायचं. कुणी विरोध केला नाही आणि कुणी लक्षही दिलं नाही. हे घरी येऊन सांगायचे, सदर साहेबांनी मान हलवली. असेंब्लीच्या अध्यक्षाला तिथं सदर म्हणत. मान हलवली यातच आम्हाला समाधान होतं.

मग तिकडं देश स्वतंत्र झाला आणि आम्ही मागं राहिलो. जालन्याहून निघालेली बैलगाडी एका दिवसात जिथं पोचते त्या देऊळगावात स्वतंत्र हिंदुस्थान, आणि आमच्याकडं आलाहजरत निजामांचं राज्य. हैद्राबाद देशात सामील होणार की वेगळं राहणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावोगाव खाकी कपड्यातली माणसं बंदुका घेऊन हिंडायला लागली. ती पोलीस नव्हती आणि फौजही नव्हती, पण पोलीस त्यांना रस्ता देत. बाजारात बायका हळू बोलायला लागल्या. मुलीला मी अंगणाबाहेर जाऊ देत नसे, पण ती उतारावर खेळायला पळायचीच.

उन्हाळ्यात एक दिवस दीर आले. उजवा हात फडक्यात बांधलेला, बोटं सुजून काळीनिळी पडलेली. सासूबाईंनी हळद उगाळायला घेतली तर म्हणाले, “आई, राहू दे, आधी ऐक.” सरकारची धान्याची लेव्ही वसूल करायला तहसीलची माणसं आली होती आणि त्यांच्यासोबत खाकीवाले. त्यांनी गावातली पेवं उपसली, जमिनीखालची सगळी ज्वारी गाड्यांत भरली, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून घराघरात शिरले.

“दादा, कणगीतलं बियाणं बी न्हेलं,” दीर ह्यांना म्हणाले. “म्या म्हणलो, हे खायाचं न्हाई, पेरायचं हाये. मंग त्यानं बंदुकीचा दस्ता घातला हातावर. अन् वरल्या आळीच्या म्हाताऱ्याला गाडीसंगं न्हेलंय. त्यो दारात आडवा झाला व्हता. अजून आला न्हाई.”

ह्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि अंबडला तहसीलदाराकडं गेले. संध्याकाळी परत आले ते पडवीतच बसून राहिले. तहसीलदार तसा भला माणूस होता. त्यानं दार लोटून घेऊन सांगितलं होतं, वकीलसाब, ही खाकी माणसं माझं ऐकत नाहीत, तुम्ही अर्ज ठेवून जाऊ नका.

“मंग आता असेंब्लीच राह्यली,” हे म्हणाले. ते ऐकताना मला कळलं नाही की ह्यातून काय निघणार आहे. मला वाटलं, सदर साहेब पुन्हा मान हलवतील.

भाषण उर्दूतून करायचं होतं. हे आणि मुन्शीजी खाली बसून ते तयार करत, आणि मी वर ज्वारी निवडताना जिन्यातून आवाज ऐकत असे. पहिला भाग ज्वारीचा, दिरांच्या हाताचा आणि त्या म्हाताऱ्याचा होता. पुढचा भाग आला तेव्हा मुन्शीजींचा आवाज थांबला. मग ते म्हणाले, “वकीलसाब, यहाँ तक बस है. ज्वार का बोलो, बैठ जाओ. आगे का नक्को.”

हे म्हणाले, “ज्वारीचंच बोललो तर म्हणतील, चौकशी करू. चौकशी करणार कोण? त्यांचेच लोक. राज्य लोकांना जबाब देणारं पाहिजे, हैद्राबाद देशात गेलं पाहिजे, हे बोललोच न्हाई तर बाकीचं कशाला बोलायचं?”

मग मुन्शीजी म्हणाले, “बोलनाच है तो बराबर बोलो,” आणि दुसऱ्या भागातलं ह्यांचं वेडंवाकडं उर्दू त्यांनी ओळीओळीनं सरळ केलं.

हे रोज म्हणायचे. खोलीत येरझाऱ्या घालत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. मला उर्दू येत नव्हती, पण ऐकून ऐकून ते सगळं भाषण माझ्या तोंडात बसलं. ‘जनाबे सदर’ म्हटलं की सुरुवात. ‘वो ज्वार खाने की नहीं, बोने की थी’ म्हटलं की पहिला भाग संपत आला. आणि ‘रिआया पूछती है’ म्हटलं की तो दुसरा, मुन्शीजींना नको असलेला भाग. रिआया म्हणजे प्रजा, एवढं मी विचारून घेतलं होतं.

जायचं ठरलं तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, “तू जा संगं. त्याला बाहेरचं पचत न्हाई, अन् या वक्ती तर बिलकुल न्हाई.” मुलीला त्यांच्यापाशी ठेवून मी निघाले. लग्नानंतर पहिल्यांदा मी एवढ्या लांब जात होते. दुसरी वेळ असती तर मला कौतुक वाटलं असतं. नांदेडला खाकीवाले डब्यात चढले, एकेकाला कुठं जायचं म्हणून विचारत. बायकांच्या डब्याच्या जाळीतून मला पलीकडं हे दिसत होते. ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. फक्त ह्यांचा हात रुमालानं पुन्हा पुन्हा कपाळ पुसताना दिसला.

हैद्राबादेत काचीगुड्याला माझी एक लांबची मावशी राहत होती, तिच्याकडं आम्ही उतरलो. असेंब्लीत बोलायच्या आदल्या दिवशी दुपारी एक गृहस्थ भेटायला आले. शेरवानी, अत्तराचा वास, बोलणं इतकं नम्र की मावशीनं त्यांना सरबत दिलं. ते कोण, कुठल्या कचेरीतले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ह्यांचीही विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी तब्येत विचारली, जालन्याच्या मोसंबीची चौकशी केली. निघताना दारात थांबून म्हणाले, “आपकी बच्ची मस्तगड के उतार पर खेलती है ना? बडी प्यारी बच्ची है. जमाना खराब है, खयाल रखिए.”

मी आतल्या दाराशी उभी होते. तिथंच उंबऱ्यावर बसले. मुलगी सासूबाईंजवळ होती, आम्ही इतके दूर, आणि आमच्या दारातला उतार ह्या माणसाला माहीत होता.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, “नका बोलू. ज्वारीचंबी नको. उद्याच घरी जाऊ.”

हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “तुला काय वाटतंय, मला भ्या वाटत न्हाई का?”

रात्री भात तसाच ताटात राहिला. सकाळी मी बघते तर हे शेरवानी घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार. बोलणार की नुसते जाऊन बसणार, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं, असं मला आजही वाटतं. दाराशी जाऊन ते मागं वळले. “तू बी चल,” म्हणाले. “बायकांना बसायची जागा हाये तिथं.”

असेंब्ली एका बागेतल्या मोठ्या पांढऱ्या इमारतीत भरत असे. बायकांसाठी वरच्या बाजूला चिकाचा पडदा लावलेला होता. बांबूच्या बारीक काड्यांमधून खालचं सगळं दिसे आणि खालच्यांना वरचं काही दिसत नसे. तिथं फार बायका नव्हत्या. माझ्याशेजारी चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर चांदीचा पानडबा. त्यांचे यजमान दरबारात कुठल्याशा मोठ्या जागेवर होते हे त्यांच्या नोकरांच्या वागण्यावरून कळत होतं. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “तुम्हारे कौन है नीचे?”

मी खांबाजवळच्या रुमालाकडं बोट दाखवलं.

“जालनेवाले,” त्या म्हणाल्या, आणि मला पान देऊ केलं. मी ते हातात धरून बसले.

किती तरी वेळ दुसरेच लोक बोलत होते. मग ह्यांचं नाव पुकारलं. हे उठले. मला वरून दिसलं की त्यांनी दोन्ही हात समोरच्या मेजावर, पाण्याच्या पेल्याशेजारी टेकवले आहेत. ‘जनाबे सदर’ असं म्हटलं ते मलासुद्धा धड ऐकू आलं नाही. कुणीतरी मागून ‘जरा जोर से’ म्हणालं. काही लोक हसले.

मग ह्यांनी ज्वारीचं सांगायला सुरुवात केली. मला शब्द पाठ होते, म्हणून पुढं काय येणार ते मला आधी कळे आणि माझा जीव त्या त्या शब्दापाशी जाऊन थांबे. पेवं उपसली. घरात शिरले. भावाच्या हातावर दस्ता मारला. एक म्हातारा नेला, तो कुठं आहे ते सरकारनं सांगावं. हसणं थांबलं होतं. शेजारच्या बाई पुढं वाकून ऐकत होत्या.

“वो ज्वार खाने की नहीं, बोने की थी,” हे म्हणाले, आणि थांबले.

इथं पहिला भाग संपत होता. सदर साहेबांनी घंटीवर हात ठेवला होता. ह्यांनी पेला उचलला, पाणी प्यायले, आणि खाली बसायला म्हणून अर्धे वळले. मला हायसं वाटलं. आता हे बसतील, चौकशी करू असं कुणीतरी म्हणेल, आणि आम्ही घरी जाऊ, मुलीला जवळ घेऊ. मी देवाचं नाव घेतलं.

हे पुन्हा सरळ झाले. “और रिआया पूछती है,” म्हणाले.

माझ्या हातातलं पान गळून पडलं. त्यानंतरचं ओळीनं सांगता येत नाही, कारण खाली एकच गलका उठला. बाकडी सरकली. प्रेक्षकांच्या जागेतून कुणीतरी ‘गद्दार’ म्हणून ओरडलं आणि मग पुष्कळ जण ओरडायला लागले. घंटी वाजत होती. त्या सगळ्यात ह्यांचा आवाज मधूनच ऐकू येई. पडोस का मुल्क आजाद है. हम भी उसी घर के हैं. राज वो, जो रिआया को जवाब दे.

शेजारच्या बाई आधी म्हणाल्या, “या अल्ला, ये क्या बोल रहे.” मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणाल्या, “सच बोल रहे.”

सदर साहेब उभे राहिले, त्यांनी ह्यांना बसायला सांगितलं. हे बसले नाहीत. भाषणाचं शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते म्हणूनच हे खाली बसले, आणि माझ्या लक्षात आलं की ते वाक्य माझेही ओठ ह्यांच्याबरोबर म्हणत होते.

कुणीतरी मोठ्या अधिकाऱ्यानं उठून उत्तर दिलं. लेव्हीच्या तक्रारीची चौकशी होईल, आणि बाकीचं बोलणं कामकाजातून काढून टाकावं. ते झालं, आणि बैठक दुसऱ्या विषयाकडं गेली. मी मात्र आमच्या मागच्या खिडकीतून बाहेर बघत होते. खाली पायऱ्यांवर खाकी कपडे जमत होते. आधी चार-पाच, मग मोजता येईनात.

त्या बाईंनीही ते पाहिलं. त्यांनी पानडबा बंद केला. “सामने के दरवाजे से नक्को जाओ,” म्हणाल्या. त्यांनी नोकराला बोलावून काही सांगितलं, तो खाली गेला. मला म्हणाल्या, “चलो.” मी त्यांच्यामागं एका अरुंद जिन्यानं उतरले. बागेच्या मागच्या बाजूला पडदे सोडलेली मोटार उभी होती. नोकर ह्यांना घेऊन आला. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि रुमाल सुटून खांद्यावर आला होता.

पडद्याची मोटार बघून हे मागं सरले. परक्या मोठ्या घरच्या बाईच्या पडद्यात पुरुषानं बसायचं कसं? त्यांनाही ते कळत होतं. त्या आधी आत जाऊन बसल्या, तोंड पलीकडच्या खिडकीकडं पूर्ण वळवून घेतलं आणि तिकडं बघूनच म्हणाल्या, “भाई समझके बिठा रही हूँ. जल्दी बैठो.”

मी मध्ये बसले, हे माझ्या ह्या बाजूला. रस्त्यात एका चौकात मोटार थांबवली. बाहेर आवाज आले, कुणीतरी पडद्याला हात लावला, कापड आत आलं. ड्रायव्हरनं मालकांचं नाव सांगितलं. हात लगेच मागं गेला आणि कुणीतरी सलाम केल्याचं पायाच्या आवाजावरून कळलं. तेवढ्या वेळात मी त्या बाईंचा हात घट्ट धरला होता. मोटार पुढं निघाल्यावर सोडला तेव्हा त्यांच्या बांगड्यांचे वळ माझ्या बोटांवर उमटलेले होते.

स्टेशनवर उतरताना त्या मला म्हणाल्या, “घर पहुँचके भी घर में नक्को रहना.” मी त्यांचं नाव विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. पुढं पुष्कळदा वाटलं, विचारायला हवं होतं. पण नाव माहीत असणं हेसुद्धा त्या दिवसांत जोखमीचं होतं.

मावशीकडं आम्ही परत गेलोच नाही. जी गाडी मिळाली तीत चढलो, मी बायकांच्या डब्यात, हे पलीकडं. ठरलं होतं की प्रत्येक स्टेशनवर हे माझ्या खिडकीपाशी येऊन तोंड दाखवतील. ते येत. काही बोलत नसत, नुसते येऊन उभे राहत आणि शिट्टी झाली की जात. परभणीला आले नाहीत. मी खिडकीतून वाकून बघत राहिले, गाडी हलली तरी आले नाहीत. मानवत गेलं. तिथंही नाहीत. मी साखळी ओढायला उठले होते, पण साखळी ओढून सांगू काय आणि कुणाला, हे कळेना. तशीच उभी राहिले.

सेलूला हे खिडकीपाशी आले. सगळ्या अंगाला भुसा लागलेला. परभणीला खाकीवाले डब्यात शिरले होते. डब्यातल्या शेतकऱ्यांनी हे कोण ते न विचारताच ह्यांना बाकड्याखाली सरकवलं आणि पुढं पोती रचली. “त्या शेतकऱ्यांना काय कळलं कुणास ठाऊक,” हे म्हणाले. “माझे दातच वाजू लागले व्हते, त्यावरूनच कळलं असंल.”

जालना स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी आधी उतरून पाहिलं. फलाटावर मुन्शीजी उभे होते, सकाळपासून येणारी प्रत्येक गाडी बघत. त्यांनी मला डोळ्यानंच थांबायला खुणावलं, मग ह्यांना घेऊन मालधक्क्याच्या बाजूनं बाहेर काढलं. तिथं आमची दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, जुंपून उभी होती आणि आत सासूबाई, त्यांच्या मांडीवर मुलगी. आदल्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं होतं की जालन्याच्या एका सदस्यानं राज्याविरुद्ध भाषण केलं. सकाळी आमच्या माडीवर दगड आले होते. मुन्शीजींनी कुणाला न विचारता सासूबाईंना निघायला लावलं होतं.

हे त्यांना म्हणाले, “तुम्ही बी चला आमच्यासंगं.”

“मेरेकू कौन पूछता,” मुन्शीजी म्हणाले. त्यांनी घराची किल्ली मागून घेतली आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली.

मुलगी माझ्या कुशीत शिरली आणि मी तिचं डोकं इतकं आवळलं की ती रडायला लागली. देऊळगावच्या अलीकडं संस्थानाचा जकातीचा नाका होता. सासूबाईंनी ह्यांना आडवं व्हायला लावून अंगावर घोंगडी टाकली. नाक्यावरच्या शिपायानं आत डोकं घातलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “देऊळगावच्या बालाजीला चाललो. पोराला ताप हाये, नवस बोलले हाये मी.” ह्यांना खरोखरच हीव भरलं होतं, घोंगडी हलताना दिसत होती. शिपायानं हात लावून पाहिला आणि गाडी सोडली. पलीकडं गेल्यावर सासूबाई पदरात तोंड घालून ज्या रडायला लागल्या त्या गाव येईपर्यंत थांबल्या नाहीत.

सरहद्दीपलीकडं आम्हाला कुणी हार घातले नाहीत. तिथं चळवळीतल्या तरुणांचा तळ होता. त्यांच्या लेखी हे निजामाच्या असेंब्लीत बसणारे. पहिल्या दिवशी तिघं-चौघं येऊन ह्यांना प्रश्न विचारत बसले, आणि त्यांच्यापैकी एकाच्या कमरेला पिस्तूल होतं. मला वाटलं, एवढं करून आता ह्यांना आपलीच माणसं संपवणार. एका वयस्कर पुढाऱ्यानं मध्ये पडून आम्हाला बालाजीच्या देवळामागं एक खोली मिळवून दिली. पावसाळा आम्ही तिथं काढला. रस्त्यावर पाय वाजले की हे अजूनही आत येत.

तिथं दीर एकदा भेटून गेले. भाषणानंतर अंबड तालुक्यात बियाण्याला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला होता आणि गावाला थोडी ज्वारी परत मिळाली होती. गावातल्या पुष्कळांना ते कुणाच्या बोलण्यानं झालं हे माहीतही नव्हतं. वरच्या आळीतला म्हातारा मात्र एका विहिरीत सापडला होता. हे ऐकून ह्यांनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही.

हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं तेव्हा आम्ही परतलो. गल्लीत पताका लागल्या होत्या. मुन्शीजी गल्लीत नव्हते, दारातही नव्हते. त्यांची मुलगी मागच्या दारानं किल्ली देऊन गेली. आता त्यांच्या आळीतले लोक दारं लावून बसले होते, कारण खेड्यांतून माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन शहरात येत होती आणि कुणी काय केलं, कुणी नाही, ह्याची चौकशी न करता मारत होती.

हे दुसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन मुन्शीजींच्या ओट्यावर जाऊन बसले. पक्षकारांना तिथंच यायला सांगितलं. मी म्हणाले, “तुम्हालाबी मारतील.” हे म्हणाले, “मारतील बी,” आणि गेले.

जमाव एका दुपारी आला. मी आमच्या माडीवरून तो बोळात वळताना पाहिला आणि अनवाणी धावत तिकडं गेले. पुढच्या माणसांत माझे दीर होते. बोटं वाकडीच जुळली होती, म्हणून काठी डाव्या हातात. भावाला ओट्यावर बघून ते थबकले.

“दादा, उठ तिथून,” ते म्हणाले. “त्यांच्यातला हाये त्यो.”

हे उठले. म्हणाले, “तुझ्या हाताचं म्या असेंब्लीत बोललो, ते मुन्शीजींनी शिकवलं म्हणून बोललो. शब्द ह्यांचे हाएत. आई अन् पोरगी जित्या हाएत त्या ह्यांच्यामुळं. आता तू सांग, मी इथून हलू का?”

मागची माणसं काय झालं म्हणून विचारत होती. मग दिरांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली आणि पायरीवर भावाच्या पायाशी बसले. दीर बसल्यावर गावातली बाकीची माणसं इकडंतिकडं बघायला लागली, आणि एकेक करून बोळाबाहेर गेली. आतून कडी काढल्याचा आवाज बराच उशिरा आला.

मुन्शीजी नंतर काही दिवस खाली येऊन बसत, पण कोर्टातून उर्दू जायला लागली होती आणि त्यांचं मनही लागत नव्हतं. ते मुलाकडं हैद्राबादला गेले. जाताना माझ्या मुलीच्या हातावर त्यांनी स्वतः गुंडाळलेलं पान ठेवलं, तिला त्याची हौस होती म्हणून.

पुढं नव्या निवडणुका आल्या तेव्हा, ज्यांनी देऊळगावात ह्यांना प्रश्न विचारले होते त्यांच्यातलेच दोघं आमच्या पडवीत येऊन बसले. तुम्हीच उभं राहा म्हणाले. हे त्यांना चहा देऊन म्हणाले, आता बोलायला पुष्कळ जण आहेत, मला कोर्टाची तारीख आहे. ते गेल्यावर ह्यांनी कोट घातला आणि रस्त्यात कुत्रं नाही ना, हे खिडकीतून बघून कोर्टाला गेले.